पुणे ते पणजी, चित्रं बघत आणि मनापासून जेवत

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळीनंतर चौघं जण गाडीने पुण्याहून गोव्याला निघणार आहेत. नवरा-बायको, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. हातात सहा दिवस आहेत. मुलीला चित्रकलेची ओढ आहे, नुकतीच इंटरमिजिएटची परीक्षा दिली आहे. सासूबाई शाकाहारी. दरवेळी हायवेवरचं हॉटेल, मग समुद्र, मग परत, असंच होतं. यावेळी वाटेत कलेच्या जागा बघायच्या आहेत आणि लक्षात राहील असं जेवायचं आहे. पण इंटरनेटवर तीच ती दहा नावं येतात, मग वेगळं काही शोधायचं कसं?

मी वीस वर्षं दहा-बारा माणसांचे गट घेऊन याच पट्ट्यात फिरते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुद्द्याचं. अशा जागा लपलेल्या नसतात, आपण तिथून जातो तेव्हा त्या बंद असतात. मिसळ सकाळची असते. खानावळ साडेबाराला सुरू होते आणि अडीचला भांडी घासायला जातात. बहुतेक सरकारी वस्तुसंग्रहालयं सोमवारी बंद असतात. कारागीर दुपारी जेवून तासभर पडतो. आणि आपण काय करतो? आठला निघतो, वाटेत दोनदा चहा घेतो, तीनला भूक लागते, सहाला गावात पोचतो. मग उघडं असतं ते फक्त हायवेवरचं हॉटेल. त्यामुळे किलोमीटर नंतर मोजा. आधी कुठल्या वारी काय बंद असतं आणि कुठल्या वेळी काय ताजं असतं, ते कागदावर लिहून काढा.

हे मी चुकून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत चौदा जणांना घेऊन एका संग्रहालयापाशी पोचले तो सोमवार निघाला. गटात एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. ते त्या सहलीला आले होते तेच मुळी तिथलं एक चित्र बघायला, तरुणपणी मासिकात छापलेलं पाहिलं होतं म्हणून. ते बंद फाटकाच्या गजांना धरून बराच वेळ आत बघत उभे राहिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यानंतर मी सहलीचा कागद आखायला घेते तेव्हा पहिल्यांदा सोमवार शोधते.

तुम्ही शनिवारी निघा. मग सगळं बरोबर बसतं. कसं ते पुढे येईलच.

शोधण्याची माझी पद्धत सांगते. नव्या गावात गेले की मी फोटो फ्रेम करणाऱ्याच्या दुकानात जाते. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो आणि गावातल्या चित्रकारांची चित्रं, सगळं त्याच्याच हातून जातं. कोण अजून जलरंगात काम करतो, कुठल्या वाड्यात भिंतीवर जुनी चित्रं आहेत, कुणाच्या घरी वडिलांचे कॅनव्हास माळ्यावर पडून आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दुसरा माणूस म्हणजे शाळेतले ड्रॉइंगचे सर किंवा बाई. तुमच्या मुलीने आपल्या सरांना विचारावं, "कोल्हापुरात, सावंतवाडीत तुमच्या ओळखीचं कोण आहे?" कलाशिक्षकांचं जाळं महाराष्ट्रभर पसरलेलं आहे, बरेच जण एकमेकांना परीक्षेच्या कामामुळे ओळखतात. तिसरे गणपतीच्या शाळेतले मूर्तिकार. दिवाळीनंतर त्यांना थोडी सवड असते आणि ते भरभरून बोलतात.

जेवणाचंही तसंच. "इथे चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलंत तर समोरचा तुमची गाडी बघतो आणि एसी हॉल असलेल्या ठिकाणी पाठवतो. त्याऐवजी विचारा, "तुम्ही स्वतः दुपारी जेवायला कुठे जाता?" हा प्रश्न कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला, एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरला, बँकेतल्या शिपायाला विचारावा. रोज घराबाहेर जेवणारा माणूस वाईट खानावळीत दुसऱ्यांदा जात नाही. ऑनलाइन तारे मी बघत नाही, लोकांनी टाकलेले ताटाचे फोटो बघते. वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोंत भाजी वेगळी दिसली तर स्वयंपाक बाजार बघून होतो. सगळ्या फोटोंत तोच पनीर मसाला असेल तर पुढे चला.

आता रस्ता.

शनिवारी पहाटे निघालात तर साडेआठपर्यंत वाईजवळ मेणवलीला पोचाल. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट. वाडा खाजगी आहे, तिथल्या माणसाला विचारून आत जायचं. भिंतींवर पेशवाईतली चित्रं आहेत, पुसट झालेली, पण सकाळच्या तिरप्या उजेडात रेषा दिसतात. घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तिथल्या चर्चची ही घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि 1707 हे साल आहे. नदीकाठी, शंकराच्या देवळाच्या सावलीत ती दोनशेहून जास्त वर्षं लटकते आहे. मुलीला ती वही काढून रेखाटायला लावा, अर्धा तास द्या. घाईत बघितलं तर ती नुसती घंटा वाटते.

दुपारी औंध. हे पुण्यातलं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, रहिमतपूरकडून आत. तुमच्या सहा दिवसांतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा हीच, आणि हायवेवरून जाणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना ती माहीत नसते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कार घरोघरी नेणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांनी संपूर्ण रामायण चित्रांतून मांडलं होतं. आपला संग्रह त्यांनी राजवाड्यात कोंडून ठेवला नाही. यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत इमारत बांधून 1938 मध्ये तो लोकांसाठी खुला केला. तिथे राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्प आहे. होय, औंधात.

रविवर्मांसमोर सासूबाईंना मुद्दाम उभं करा. त्यांच्या माहेरच्या देवघरात रविवर्मांच्या छापखान्यातली लक्ष्मी किंवा सरस्वती नक्की असणार. तो छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील चित्रात साडीचा काठ म्हणजे नुसता पिवळा पट्टा असतो. मूळ चित्रात जवळ जाऊन बघा, जर एका रंगाची नाहीच. गडद तपकिरीवर पिवळा, त्याच्यावर अगदी थोड्या ठिकाणी जवळजवळ पांढरा, आणि तेवढ्यावर रेशमाची घडी वळते. माझ्या एका गटातल्या आजी म्हणाल्या होत्या, "अगं, ही तर पैठणी मोडून पडली आहे मांडीवर." मला चित्रकलेवरचं त्याहून चांगलं वाक्य आठवत नाही.

औंधात जेवणाची शोधाशोध करू नका. मी घडीच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असा डबा नेते आणि डोंगराच्या पायथ्याला झाडाखाली बसते. संध्याकाळी कराडवरून खाली येताना अख्खा मसूर खा. इस्लामपूर भागातला हा पदार्थ आता हायवेवर सगळीकडे मिळतो. तांबड्या कटात शिजलेला सबंध मसूर आणि गरम भाकरी. सासूबाईंची सोय तिथेच होते.

रविवार कोल्हापूर. सकाळी मिसळ. फडतरे मिसळवाले उद्यमनगरात आहेत, आजूबाजूला लेथ आणि फाउंड्रीची कामं. रांग असते, म्हणून उघडतानाच पोचा. मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो, आणि तो बरोबरच आहे, कट टिपायला पाव जड पडतो. पुणेकरांनी पहिल्या घासाआधी ताक मागवून ठेवावं.

मग टाऊन हॉलमधलं कोल्हापूर म्युझियम. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची वीतभर उंचीची कांस्यमूर्ती इथे आहे. पंचगंगेच्या काठावर, समुद्रापासून इतक्या आत, परदेशी व्यापाराची खूण म्हणून ती निघाली. तिच्यापुढे लोक थांबत नाहीत, तुम्ही थांबा. आबालाल रहिमान यांची चित्रं नक्की बघा. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरात परतले आणि आयुष्यभर रंकाळा, संध्यामठ या परिसरात रंगवत राहिले. त्यांची चित्रं बघून त्याच संध्याकाळी रंकाळ्यावर जायचं. पाण्यात उभ्या संध्यामठावर उजेड कसा उतरतो ते बघितलं की हा माणूस दुसरीकडे का गेला नाही ते कळतं.

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. मांडरे सिनेमातले नट म्हणून लोकांना आठवतात, पण हाताने ते चित्रकारच. 'निसर्ग' हे आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी शासनाला देऊन टाकली. घराचंच संग्रहालय झाल्यामुळे खोल्या लहान, उजेड घरातल्यासारखा, आणि बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता. त्यांची पावडर शेडिंगची कामं मुलीला दाखवा. ब्रश न लावता कोरड्या रंगाच्या भुकटीने काढलेली चित्रं तिने परीक्षेच्या तयारीत पाहिली नसतील.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. बाबुराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा घडवला आणि चित्रपट कंपनी काढली. चित्रकला, सुतारकी, नाटक आणि सिनेमा या गावात एकाच गल्लीत नांदले. म्हणून इथे फ्रेमवाल्याशी बोलायला वेळ काढाच.

दुपारी तांबडा-पांढरा. घरगुती खानावळ बघा, जिथे मटण मोजून आणि रस्सा हवा तेवढा मिळतो. पांढरा आधी प्यायचा, कढत असतानाच. अळणी रस्स्यात नारळाचं दूध, खसखस, आलं-लसूण. तो गार झाला की त्याची साय धरते आणि मजा जाते. तांबडा भाकरीबरोबर, कांदा-लसूण मसाल्याचा. वाटीवर तेलाचा जाड थर तरंगत असेल तर ती खानावळ पर्यटकांची झाली असं समजते मी. चांगल्या तांबड्याचा रंग चटणीचा असतो, तेलाचा नसतो. रात्री फार खाऊ नका, गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी रांगेने उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. ते दूध कोमट असतं आणि ग्लासाचा निम्मा भाग फेसच असतो. सासूबाईंना हे तांबड्या-पांढऱ्याहून जास्त आवडेल.

सोमवारी सरकारी संग्रहालयं बंद, म्हणून तो दिवस प्रवासाला. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडीत मुक्कामाचं सामान टाका आणि कुडाळजवळ पिंगुळीला जा. आधी फोन करून जायचं, हे फार महत्त्वाचं. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा इथे आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळ बघायचा असेल तर तसं फोनवरच सांगा आणि मानधन विचारून घ्या. पुढे केलेल्या हातावर नोट ठेवण्यापेक्षा आधी ठरलेलं मानधन पाकिटात देणं दोघांनाही बरं वाटतं.

चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची पोथी असते, म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एक चित्र उभं धरतो, गातो, आणि प्रसंग संपला की ते फिरवतो. मागे वीणा आणि हुडुक हे छोटं चर्मवाद्य. चेहरे एका बाजूने, डोळे मोठे, रंग मोजकेच: काव, निळा, पिवळा, काळा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सीतेचं हरण चाललं होतं. पान फिरवण्याआधी त्याने आवाज थांबवला, वीणेची तार नुसती छेडत ठेवली, आणि समोर बसलेलं एक लहान मूल पुढे सरकून चित्राच्या मागे काय आहे ते बघायला गेलं. सिनेमातला कट याहून वेगळा काय असतो? कोल्हापुरात बाबुराव पेंटरांचं काम समजून घेऊन इथे आलात तर हा धागा तुमच्या मुलीला आपोआप सापडेल.

इथे घासाघीस करू नका. चित्र महाग वाटलं तर लहान घ्या, किंवा नुसतं बघून या.

सोमवारी कोकणात बरीच घरं मासे खात नाहीत. माझा अनुभव असा की त्यामुळे त्या दिवशी खानावळीत उसळी-भाजीवर जास्त जीव ओतलेला असतो. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळी, सोलकढी. हे ताट सासूबाईंसाठी. मासे मंगळवारी. सावंतवाडीत भालेकर खानावळ जुनी आणि नावाजलेली. तिथे किंवा कुठेही, बसल्या बसल्या मेनू मागू नका. "आज काय आलंय?" असं विचारा. बांगडा ताजा असेल तर सुरमईच्या नादी लागू नका.

मंगळवारी सकाळी सावंतवाडीचा राजवाडा. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा, म्हणजे जुन्या धर्तीचे पत्ते, रंगवतात. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या चितारींकडून ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत 120 गोल पानं: दहा अवतार, प्रत्येकाचे राजा, प्रधान आणि एक ते दहा. चिंचोक्याच्या खळीने तयार केलेल्या पानावर रंग, वर लाखेचा लेप. खेळात दिवसा रामाचा राजा असलेला सुरुवात करतो आणि रात्री कृष्णाचा राजा असलेला. पत्त्यांच्या खेळात सूर्य मावळला की नियम बदलतो, हे मला फार सुंदर वाटतं.

कारागिराच्या मागे नको, बाजूला उभं राहा, म्हणजे उजेड अडत नाही. मत्स्यावताराचे खवले तो एका ओढीत एक असे काढतो, ब्रश उचलतो, पान करंगळीने किंचित फिरवतो, पुढचा खवला. हात जागचा हलत नाही, पानच फिरतं. तुमची मुलगी घरी येऊन हे करून बघेल, लिहून ठेवा. नंतर मोती तलावाच्या कडेने चालत चितार आळीत जा. लाकडी फळं-भाज्या, पाट, खेळणी. लाकडी फणस हातात घेऊन बघा, त्याचे काटे खरंच टोचतात.

बुधवारी पणजी. गोव्याबद्दल मी थोडक्यात आटपते, कारण तिथली माहिती सहज मिळते. आझाद मैदानाशेजारी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशातच भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. पोर्तुगीज कवी कामोइश यांच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर आहेत, काम जॉर्ज कोलासो यांचं. शेकडो पर्यटक शेजारून जातात आणि आत डोकावत नाहीत. पिळर्णला सुबोध केरकर यांचं म्युझियम ऑफ गोवा आहे, आजच्या कलाकारांचं काम बघायला तिथे जा. फोंतेन्हास या जुन्या वस्तीत फिरा, पण ती राहती घरं आहेत. दारात बसून फोटो काढू नका. सकाळी कॅफे तातोमध्ये भाजी-पाव खा, चौघांनाही चालेल. दुपारी शीत-कडीचं ताट घ्या, त्यात किसमूर असेल तर ती आधी चाखा, वाळक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आणि ओल्या खोबऱ्याची ती चिमूटभर कोशिंबीर सगळं ताट उचलून धरते. गुरुवारी सकाळी परतीला लागा.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती आधी आखता येत नाही. दिवाळीनंतर सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो. सोमवारी किंवा मंगळवारी सावंतवाडीत मुक्काम असताना दुपारी खानावळीत विचारा, "आज दहीकालो कुठे आहे?" दहीकालो म्हणजे जत्रेतलं दशावतारी नाटक. कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव निघण्याची शक्यता बरीच असते. निघालं तर संध्याकाळी झोपून घ्या. नाटक पालखी झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. शाल आणि चटई बरोबर घ्या, दुकानांतून खाजा आणि खटखटे लाडू घ्या.

पण तुम्ही साडेदहालाच जा. देवळाच्या मागे किंवा बाजूच्या पडवीत नट आपापल्या पेटाऱ्यासमोर बसलेले असतात. रंगवणारा दुसरा कुणी नसतो, प्रत्येक जण आपलं तोंड आपणच रंगवतो. हातात तळव्याएवढा आरसा, अंगात अजून साधा बनियन. द्रौपदी होणारा पन्नाशीतला माणूस आधी भुवया काढतो, मग बांगड्या भरतो, आणि पदर खांद्यावर घेताना त्याची मान आपोआप वळते. संवाद लिहिलेले नसतात, ते तिथल्या तिथे रचायचे असतात. त्यामुळे काही जण ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवत असतात. मुलीने आधी परवानगी विचारावी, मग कोपऱ्यात वही घेऊन बसावं. बोलू नये, मोबाइलचा दिवा लावू नये. बाहेर पायपेटी वाजली की ते सगळे उठतात, तोपर्यंत तिच्याकडे तासभर आहे.